आहूखान्याबाहेरचा झोका

बऱ्हाणपूरला ऐन उन्हाळ्यात जाऊ नका असं सगळेच सांगतात, आणि सगळे बरोबर सांगतात. अंगाची लाही लाही होते. तरी मी गेले, कारण मला आईला घेऊन यायचं होतं.

तसं मी कोणाला सांगितलं नाही. शोभाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर म्हटलं, "तुमच्या गावातली ती मोगलांची बाग मी कधी धड पाहिलीच नाही. आहूखाना. या अखाजीला येते, बघते आणि ब्लॉगवर लिहिते." ती खूश झाली. माझ्या पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती, एक माझं आणि एक आईचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

आधी थोडं घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही मूळचे जळगावकडचे. बाबा बऱ्हाणपूरच्या पलीकडे एका कागदाच्या कारखान्यात होते, त्यामुळे आम्ही दोघी तिथल्या कॉलनीत वाढलो. घर कारखान्याचं. बाबा नोकरीत असतानाच गेले आणि आईला क्वार्टर सोडावं लागलं. मी लग्न होऊन पुण्यात आणि शोभा बऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात. तिच्या नवऱ्याची, किशोररावांची, दापोऱ्याला केळीची शेती. आई तात्पुरती शोभाकडे राहील असं ठरलं. त्या तात्पुरत्याला आता कितीतरी वर्षं झाली आणि ते काही संपेना.

मला ते खुपायचं. संध्याकाळी फोन करावा तर आई म्हणणार, "नंतर कर बरं, बागेत आहे मी." कुठली बाग, काय बाग. आमच्या सोसायटीतसुद्धा बाग आहे. व्यायामाची यंत्रं आहेत, चालायला गुळगुळीत वाट आहे. मागे आई आली तेव्हा तिथं चार दिवस बसली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "मले पोचव बाई घरी." घरी म्हणजे शोभाच्या. तो शब्द माझ्या मनात घर करून बसला होता.

पुण्याहून रात्रीची गाडी पकडली तर भुसावळ मागे पडल्यावर खिडकीतून दोन्ही बाजूंना केळीच केळी दिसायला लागतात, आणि बाहेर झळा असल्या तरी डोळ्यांना गार वाटतं. खिडकीची जागा मिळवा, एवढं माझं ऐका. स्टेशन लालबागेत आहे आणि जुनं गाव तिथून बरंच लांब, म्हणून रिक्षा करावी लागते. शेअर रिक्षा स्वस्त पडते. एकट्यानं करायची असेल तर आधी ठरवून घ्या, कारण तिथं अंतर बघून नाही, बॅग बघून भाडं सांगतात.

मला घ्यायला भाची आली होती, नेहा, स्कूटीवर. तोंडाला स्कार्फ, हातात मोजे. म्हणाली, "मावशी, तू पण बांध ना, नहीं तो लू लग जाएगी. आणि बॅग इतकी छोटी? रुकणार नाहीस का?"

मी म्हटलं, "बघू."

शनवारा दरवाजाखालून जाताना अर्धं गाव त्याच कमानीतून जायचं म्हणत होतं. पुढे जुन्या तटाच्या कडेकडेनं सिंधीपुऱ्यापर्यंत गल्ल्या, कापडाची दुकानं, कढईत गर्द तपकिरी मावा जिलेबी. ही जिलेबी खाल्ल्याशिवाय परतू नका. आपल्या जिलेबीसारखी कुरकुरीत नसते, जाड आणि मऊ असते, आणि पाकानं हात कोपरापर्यंत चिकट होतात. मांडेसुद्धा बघा. हाताएवढ्या लांब, पातळ पोळ्या उलट्या कढईवर भाजतात आणि घड्या घालून वजनावर देतात.

दारात पोचले तर आई आतून ओरडली, "थांब, उंबऱ्याच्या बाहेरच थांब." भाकरीचा तुकडा घेऊन आली, माझ्यावरून ओवाळून बाहेर टाकला, पायावर पाणी घातलं. शोभा मागे तांब्या धरून उभी होती. "आली का माझी माय," आई म्हणाली. "किती सुकली. पुण्यात काही खातेस की नाही?" माझ्या वजनाकडे बघून असं म्हणणारी जगात एवढी एकच बाई आहे, आणि तीही दुसरीच्या घरी राहते.

दुपारभर मी लोळले. आईनं माझ्या डोक्याला तेल चोळलं, पंखा माझ्याकडे वळवला, दराबा खायला दिला. दराबा म्हणजे रवा, तूप आणि साखरेचा फेटून फेटून हलका केलेला तिथला गोड पदार्थ. शोभा स्वयंपाकघरात होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी काय करत होते, तर मोजत बसले होते. आईची औषधं शोभाच्या फ्रिजवर, आईचा चष्मा शोभाच्या देवघरात. शेजारीण आली ती थेट आत, "माँजी, दही जमाया क्या?" विचारत. आणि आईचं उत्तर फर्ड्या हिंदीत. माझी आई, जिला बँकेत हिंदी बोलायला लागलं की घाम फुटायचा. हे सगळं माझ्याशिवाय झालं होतं. चरफडले मी अगदी.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आहूखान्याला निघालो. उन्हाळ्यात गेलात तर ऊन चढायच्या आधीच जाऊन या. सिंधीपुऱ्यातून राजघाटाकडे आणि पुलावरून तापी ओलांडून पलीकडे जैनाबाद. घाटाशी नदीत एक दगडाचा हत्ती आहे. पाणी ओसरलं की तो सबंध दिसतो, आणि त्याच्या पाठीवर कोणाची ना कोणाची चड्डी वाळत असते. आईचा रिक्षावाला ठरलेला. त्यानं मला आरशातून नीट पाहिलं आणि आईला विचारलं, "ये बड़ी वाली है? पुना वाली?" म्हणजे माझ्याबद्दल बोलणं होतं तर. तेवढ्यानं जरा गार वाटलं.

जैनाबाद छोटंसं आहे. बुटकी घरं, दारात बकऱ्या, केळीच्या घडांनी लादलेले टेम्पो. आणि मध्येच उंच भिंत आणि तिच्या आत ती बाग. आहू म्हणजे हरीण. मोगलांच्या वेळी इथं हरणं पाळलेली होती, शिकारीसाठी आणि शोभेसाठी. आता हरीण नाही. एक बारादरी आहे, म्हणजे चौफेर उघडा मंडप, कमानी शाबूत, वर आकाश दिसतं. समोर कोरडा हौद, त्याच्याकडे येणारे दगडी पाट. ज्या बेगमेसाठी आग्र्याला ताजमहाल बांधला ती वारली बऱ्हाणपुरात, आणि आधी इथंच, या बागेच्या आवारात, तिला ठेवलं होतं. काही महिन्यांनी बादशहाची माणसं आली आणि तिला आग्र्याला घेऊन गेली. बऱ्हाणपूरकर अजून ते विसरलेले नाहीत. ताज इथंच, तापीकाठी व्हायचा होता, हे तुम्हाला रिक्षावाला, जिलेबीवाला आणि केळीचा व्यापारी असे सगळे सांगतील, आणि सांगताना आग्र्याचं नाव असं काही घेतील की वाटावं, प्रकरण मागच्या आठवड्यातलं आहे. मला हे लोक एकदम जवळचे वाटले.

आई बारादरीच्या एका पायरीवर जाऊन बसली. फोनवर म्हणायची ती बाग हीच, आणि ही तिची जागा; फक्त उन्हाळ्यात या बायका सकाळी जमतात. तिथं आधी कोणी बाई बसली होती, ती आईला बघून आपणहून सरकली. हळूहळू पाच-सहा जणी जमल्या. त्यातली एक हमीदाबी, तिचं घर बागेच्या भिंतीला लागूनच. ती चहाची किटलीच घेऊन आली. आईला आधी, मग बाकीच्यांना. गुडघ्यांबद्दल बोलणं झालं, कोणाच्या सुनेबद्दल झालं, निंबोला गावातल्या कोणाचा कापूस कसा गेला ते झालं. आई हसत होती. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवून, कॉलनीत हसायची तशी. माझ्याकडे आल्यावर ती अशी एकदाही हसली नव्हती.

मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि तिच्या शेजारी बसले.

"आई, पुण्याला चल ना माझ्याबरोबर. तिकीट काढलंय."

"कशाले?"

"कशाला म्हणजे? मी पण तुझी मुलगीच आहे. थोडे दिवस माझ्याकडे राहिलीस तर काय बिघडलं?"

"तिथं मले कोण ओळखतं, बाई? तू ऑफिसात, जावई ऑफिसात. मी भिंतींशी बोलू का?" तिनं कपातला चहा संपवला. "इथं माझं बरं चालू राहिलंय. तू येत जा."

हमीदाबीनं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एक को तो आगरेवाले ले गए. अब तुम आई हो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला ते झोंबलं. इतकं की त्या सुंदर कमानींचे फोटो मी रागारागानं काढले आणि सगळे वाकडे आले. म्हणून या लेखात फोटो नाहीत.

तिसऱ्या दिवशी अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात दिवाळीइतकीच मोठी, कारण या सणाला लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस आणि खापराची पुरणपोळी खातात. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असलं तरी तापीकाठच्या घरांतून सण तोच आणि तसाच. सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. बाबांची घागर शोभाच्या अंगणात भरली होती, किशोररावांच्या वडिलांच्या घागरीच्या शेजारी. म्हणजे आता बाबाही इथंच. आई तर आईच, पण बाबाही हिच्याकडे आले. हे मी मनात म्हटलं आणि मलाच कसंसं झालं.

शोभा चुलीशी होती. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, ते चुलीवर पालथं घालतात. ती पुरणाची पोळी दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत मोठी करायची, पार कोपरापर्यंत, आणि अलगद खापरावर सोडायची. चेहरा लाल झाला होता, घाम कानामागून वाहत होता. पहिली पोळी उतरली.

"आधी ताईले," आई म्हणाली.

मी पाटावर बसून खाल्ली. दुसरीही मलाच मिळाली. मग जावईबापू, मग नेहा. शोभा कधी जेवली मी पाहिलं नाही, कारण मी आत जाऊन झोपले.

उन्हं कलल्यावर सगळ्या बायका जैनाबादला निघाल्या, नव्या साड्या नेसून. बागेत झोका बांधायला मनाई आहे, आत तशी पाटीच लावलेली आहे आणि रखवालदार कडक आहे. म्हणून झोका असतो बाहेर, हमीदाबीच्या अंगणातल्या कडुनिंबाला. कधीपासून, ते तिलाही सांगता येईना. "हमारी सास के ज़माने से," म्हणाली. तिचा मुलगा आदल्या दिवशीच फांदीवर चढून दोर बांधून ठेवतो, आणि तिच्या स्वतःच्या माहेरी आलेल्या दोन मुली त्या झोक्यावर सगळ्यांत आधी बसलेल्या असतात.

मला धरून बसवलं. मी नको नको म्हणत बसले आणि मग उतरायला तयार होईना. शोभा मागून ढकलत होती. झोका वर गेला की भिंतीपलीकडची बाग दिसायची, बारादरीची रिकामी कमान, हौद, आणि खाली आला की आईचा चेहरा. आई गाण्याची ओळ चुकवत होती आणि टाळ्या वाजवत होती. फार छान वाटलं. लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते इतक्या वर्षांनी.

उतरले आणि शोभाला म्हटलं, "आता तू बस."

"मी कशाले?" ती म्हणाली. "नेहा, तू बस गं."

"नेहा काय, तू बस."

"ताई, हा झोका माहेरी आलेल्या लेकीचा." ती दोर सरळ करत होती, माझ्याकडे न बघता. "लग्नाआधीच्या पोरी बसतात, माहेरवाशिणी बसतात. मी कुठून आली? मी तर इथंच राहते."

मी म्हटलं, "अगं, आई इथंच आहे की. तुझं माहेर तुझ्या घरातच आहे."

तेव्हा तिनं पाहिलं माझ्याकडे. बायका गात होत्या, म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही. तिनं मला भिंतीच्या सावलीत ओढलं.

"तुले काय वाटतं, आई मले मिळाली? तू दारात आली तर तुकडा ओवाळला. माझ्यावरून कधी ओवाळला सांग. मी बाजारातून येते तर विचारते, कोथिंबीर आणली का. तिची चूक नाही. रोज समोर असलेल्या माणसाला कोण ओवाळतं? पण ताई, क्वार्टर गेलं तेव्हा तुझं माहेर माझ्या घरात आलं. माझं कुठं गेलं? मी कुठं जाऊन पाय पसरू? अखाजीला गल्लीतल्या साऱ्या बायका पिशव्या भरून माहेरी निघतात. मी दाराशी उभी राहून त्यांच्या रिक्षा मोजते. आणि तू येतेस. तू लोळतेस, आई तुझ्या डोक्याला तेल लावते, आणि मी पोळ्या करते. इतकी जळते मी तुझ्यावर, तुले सांगून उपयोग नाही."

मी पुण्याहून तिच्यावर जळत जळत आले होते आणि ती दारात तांब्या धरून माझ्यावर जळत उभी होती. बाबांच्या मागे आम्हां दोघींत एक आई आणि एक माहेर उरलं होतं, आणि ज्या घरात आई राहते तिथल्या मुलीला माहेर मिळत नाही, ही एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, त्या शोधतील आपल्याले." आणि परत जाऊन हमीदाबीच्या धाकटीला झोका द्यायला लागली.

सकाळी चहाच्या वेळी शोभा दूध आणायला गेली होती. मी आईसमोर बसले. या वेळी मी माझं काही सांगितलंच नाही. म्हटलं, "आई, शोभाला माहेरी जायचंय."

आईनं कप खाली ठेवला. "काय झालं? किशोररावांशी काही?"

"काही नाही. तिला नुसतं माहेरी जायचंय, लोळायला. तू इथं आहेस तोवर तिनं जायचं कुठं?"

आईच्या बशीतल्या चहावर साय धरली. मग म्हणाली, "काल ती झोक्यावर बसली नाही ना." म्हणजे तिनं पाहिलं होतं. दर वर्षी पाहत असणार. "तिकीट कधीचं आहे म्हणाली?"

"उद्याचं."

"नागपंचमीले बोलाव तिले. तोवर मी तुझ्याकडे बसते. आणि माझं खापर घे सोबत, तुमच्याकडे मिळत नसेल."

झालं. ज्यासाठी आले होते ते मिळालं. दोन तिकिटं कामी आली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या आत एक खडा होता. आई माझ्यासाठी निघाली नव्हती. मी बोलावलं तेव्हा "कशाले" म्हणाली होती. शोभाचं नाव घेतल्याबरोबर तिनं पिशवी भरायला घेतली.

शोभाला सांगितलं तेव्हा ती आधी भांडली. "माझ्याकडे काही कमी पडलं का?" मग रडली. मग आईच्या औषधांचे डबे एकेक करून मला समजावून सांगितले, सकाळचं कुठलं, जेवणानंतरचं कुठलं, आणि रक्तदाबाची गोळी आई मुद्दाम विसरते तेव्हा काय करायचं.

निघायच्या दिवशी गाडी दुपारनंतर होती, म्हणून सकाळी आईला पुन्हा बागेत नेलं. हमीदाबीनं आईच्या हातात केळीच्या वेफर्सची पिशवी दिली आणि मला बजावलं, "ले जाओ. पर बेगम के जैसा मत करना. वापस भेजना."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं की कसं, ते मलाही माहीत नाही.

खापर मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत आले. मातीची भांडी गाडीतून आणणार असाल तर गोधडीत गुंडाळा आणि कोणालाही हात लावू देऊ नका.

हे सगळं आता लिहितेय, कारण काल नागपंचमी झाली. गॅलरीत छताला कड्या ठोकून घेतल्या आहेत आणि पाट टांगला आहे. खापरासाठी गच्चीत विटांची चूल मांडली, तर खालच्या मजल्यावरून धुराची तक्रार आली, ती मी ऐकून घेतली. आई सोसायटीच्या बागेत जाते आता. फार हसत नाही, पण बसते. रोज संध्याकाळी हमीदाबीचा फोन येतो आणि मी ऑफिसातून आईला फोन केला की तो नेमका लागत नाही.

परवा शोभा आली. रिक्षा गेटाशी थांबली आणि जिचे गुडघे जिना चढू देत नाहीत ती आई दाराशी माझ्या आधी पोचली. "थांब, उंबऱ्याच्या बाहेरच थांब," म्हणाली. भाकरीचा तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. "आली का माझी माय, किती सुकली." मागे तांब्या धरून मी उभी होते. तांब्या जड असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

शोभा झोक्यावर बसली ती उतरलीच नाही. पाय वर घेतले, पर्स कुठंतरी टाकली. आईनं तिच्या केसांत तेल घातलं, तर तिनं डोळे मिटले आणि लहानपणी करायची तशी मान आईच्या पोटावर टाकली. मी दारातून बघत होते. जळत होते, खोटं कशाला सांगू.

"ताई, चहा टाक ना," ती डोळे न उघडता म्हणाली.

मी टाकला. आलं जास्त घातलं, तिला तसाच लागतो. ट्रे घेऊन गॅलरीत गेले आणि आईसमोर धरला.

"आधी शोभाले," आई म्हणाली.

मी आधी शोभाला दिला.